खुर्चीला चार माणसं

वडिलांच्या छातीत कळ आली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि आमच्या वाडीत त्यांना उचलायला कोणी नव्हतं. रुग्णवाहिका खाली डांबरी रस्त्यावर येऊन थांबणार होती. तिथपर्यंत पाखाडी, जांभ्या दगडाच्या शे-दीडशे वाकड्यातिकड्या पायऱ्या. आजारी माणसाला खुर्चीत बसवायचं, खुर्ची दोन बांबूंना बांधायची आणि चौघांनी खांद्यावर घेऊन उतरायचं, ही आमच्याकडची पद्धत. खुर्ची होती, बांबूही होते.

मी रत्नागिरीच्या शाळेत भूगोल शिकवते. स्थलांतर, कर्ता वयोगट, अवलंबित लोकसंख्या, सगळं फळ्यावर झोकात लिहून देते. सुट्टीत माहेरी आलेली मी त्या सकाळी खळ्यात उभी राहून माणसं मोजत होते. बावीस घरांपैकी सहा उघडी. त्यांत साठीपुढच्या बायका, माझे वडील आणि अर्धांगवायूने पडलेले शेजारचे काका. ओझं उचलू शकेल अशी मी एकटी.

मुंबईतल्या भावाला फोन लावला. "अगं, कोणालातरी बोलव ना," तो म्हणाला. मी फोन कापला. तो इथे असता तर त्याच्या मुस्काटात दिली असती.

शेजारची काकी हळूच म्हणाली, "वरच्या बागेत नेपाळी हायेत गो."

मला ते ठाऊक होतं. आंब्याच्या कलमांच्या राखणीला ठेकेदाराने आणलेली माणसं. पण आठवड्यापूर्वीच वडिलांनी त्यांना आमच्या विहिरीवरून काठी उगारून हाकललं होतं. मी तिथेच होते आणि मूग गिळून गप्प बसले होते. आता कोणत्या तोंडाने जायचं, या लाजेत मी पंधरा-वीस मिनिटं घालवली. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

वडिलांचे ओठ निळसर दिसायला लागले तशी मी अनवाणीच धावत सुटले.

चौघे आले. कोणी काही विचारलं नाही. वडिलांनी त्यांना ओळखलं आणि डोळे मिटून घेतले. अर्ध्या पाखाडीवर एक दगड निसटला, खुर्ची कलली, आणि पुढचा माणूस गुडघ्यावर आदळला. बांबू मात्र त्याने खांद्यावरून सोडला नाही. मी वडिलांची मान धरून चालत होते. त्यांचा श्वास चालतोय की नाही ते मला कळत नव्हतं, आणि वाकून पाहायची हिंमत होत नव्हती.

वडील वाचले.

चौथ्या दिवशी मी बागेत गेले. गुडघ्याला फडकं बांधलेला तो माणूस पेटीत आंबे लावत बसला होता. वयाने माझ्याएवढाच असेल. आभार मानून झाल्यावर मी विचारलं, "तुमच्या गावातही आजाऱ्याला असंच नेता का?"

"नाही, ताई. आमच्याकडे डोंगर मोठा. टोपलीत बसवून पाठीवर नेतात. एकच माणूस पुरतो."

आंब्याखाली त्याने पेंढा नीट केला.

"मागच्या वर्षी माझा बाप आजारी पडला, तेव्हा तो एक पण नव्हता गावात," तो म्हणाला. "आम्ही तिघे भाऊ इकडे होतो, आंब्यावर."