मुगवड्यांची बाराखडी

माझ्या आईचं नाव निघालं की सक्करदऱ्यातली जुनी माणसं अजून म्हणतात, "सुभद्राबाईनं पोरीले घरी शिकवून पास केलं नं!" ती पोर म्हणजे मी नव्हे. ती माझी धाकटी बहीण, प्रेमिला. मी उन्हातान्हात शाळेत जाऊन, दरवर्षी पहिला नंबर काढून पास झाले, त्याची आठवण कोणालाही नाही. पोटात दुखतं म्हणाल तर हो, दुखतं. साठी उलटली तरी दुखतं.

आई कळमेश्वरजवळच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याघरची. लग्न होऊन नागपुरात आली तेव्हा बाबा सिंचन खात्यात कारकून होते. आई अंगानं थोराड, आवाजानं त्याहून थोराड. बुधवार बाजारात ती वांग्यांचा भाव करायला लागली की शेजारच्या ढिगाऱ्यावरचा माणूस आपण होऊन भाव उतरवायचा. घाबरायची ती फक्त कोणाच्या शहाणपणाला, आणि ज्याला घाबरायची त्याच्यावर जळायची. शेजारच्या यमुताई श्रावणात जिवतीची कहाणी वाचून दाखवायच्या. आळीतल्या साऱ्या बाया त्यांच्याकडे जमायच्या. तिथून आली की आईचा जळफळाट सुरू.

"काय मिरवते वं ते यमुताई! जसं काय जगात तिलेच वाचता येते."

"मग तू वाच," मी म्हणायचे.

"मले कामं नाहीत काय?"

कामं तर होतीच. वाचायचं काम मात्र माझं. मामाचं पत्र आलं, वाच. रेशनच्या दुकानावर पाटी लागली, वाच. बस कुठली आली, वाच. "तुले येते नं, मंग वाच." मला वाटायचं, मी हिची हरकामी आहे.

प्रेमिलाला मात्र वाचता येत नव्हतं. तोंडानं पोरगी हुशार. गणितं मनातल्या मनात करायची, ऐकलेलं विसरायची नाही. पण पुस्तक उघडलं की तिच्या डोळ्यांपुढे अक्षरं जागा सोडायची. दुसरीत नापास झाली, पुन्हा नापास झाली. बाईंनी तिला वर्गाबाहेर उभं करायला सुरुवात केली. मग शाळेचं फाटक दिसलं की तिला ओकारी यायला लागली. एक दिवस आई शाळेत गेली आणि तिला दंडाला धरून घरी घेऊन आली.

"ठेवा म्हणा तुमची शाळा तुमच्यापाशी. मीच शिकवतो माह्या पोरीले."

बाबा हसले. "कशी शिकवशीन?"

"जशी येते तशी."

उन्हाळ्याचे दिवस होते. गच्चीवर धोतर अंथरून आई मुगवड्या घालत होती. प्रेमिला शेजारी बसली होती. आईनं वाटलेल्या डाळीचा गोळा बोटांत घेतला आणि वडीऐवजी धोतरावर एक मोठा 'क' काढला. मग प्रेमिलाचं बोट धरून त्या ओल्या 'क'वरून फिरवलं. दुसऱ्या दिवशी तो वाळून खडखडीत झाल्यावर डोळे मिटायला लावून पुन्हा फिरवलं. "कोण हाय हे?" प्रेमिला म्हणाली, "क." आई अशी हसली, जशी माझ्या कुठल्याही निकालाला हसली नव्हती.

त्या वर्षी आमच्याकडे वड्या कमी आणि बाराखडी जास्त वाळली. शिकून झालेली अक्षरं रश्श्यात पडायची. माझ्या पानात एकदा अख्खा 'ठ' आला. बाबा म्हणाले, "खाय, अभ्यास पोटात जाईन." मी तो ताटाच्या कडेला सारून उठले. मला अक्षरं अशी कोणी भरवली नव्हती. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. मी कधी रडले नाही, तर उपाशी राहिले. त्याच साली चौथीच्या केंद्र परीक्षेत मी पहिली आले. धावत गच्चीवर सांगायला गेले, तर आईचे हात डाळीत.

"बरं झालं वं. ते परात सरकव इकडे," ती म्हणाली.

प्रेमिलाला अक्षरं बोटानं कळायला लागली होती. छापलेलं वाचताना ती उजव्या बोटानं आपल्या मांडीवर प्रत्येक अक्षर काढून बघायची आणि मग बोलायची. हळू वाचायची, फार हळू. पण वाचायची. असं करत दोन-तीन वर्षं गेली. तिच्या बरोबरीची मुलं पाचवीत जायला लागली. आता चौथीची परीक्षा दिल्याशिवाय मुलींच्या शाळेत पाचवीला घेणार नव्हते. आणि शाळेच्या फाटकात प्रेमिला पाय ठेवणार नव्हती. परीक्षा हुकली की पोरगी कायमची घरी बसणार, हे उघड होतं.

बाबांनी खटपट केली. त्यांच्या ओळखीचे मार्तंडराव शिक्षण खात्यात डिप्टी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब होते. एकाहत्तर साली एप्रिलातल्या एका सकाळी ते स्वतः आमच्या घरी आले. केंद्रावर होता तोच छापील पेपर त्यांनी आणला होता. आईनं खोली सारवल्यासारखी पुसून घेतली होती, माठाजवळ पन्ह्याचं पातेलं ठेवलं होतं, आणि प्रेमिलाला नवा फ्रॉक. माझ्या चौथीच्या परीक्षेला मी जुन्या स्कर्टवर गेले होते, हे मला लगेच आठवलं.

मार्तंडरावांनी पन्हं बाजूला ठेवलं. "पेपर सगळ्यांना सारखा, वेळही सारखा. कोणी काही सांगायचं नाही. उतारा मुलीनं मोठ्यानं वाचायचा." त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून पुढ्यात ठेवलं.

प्रेमिलानं वाचायला घेतलं. तिचं बोट मांडीवर फिरू लागलं. दोन ओळी झाल्या असतील, मार्तंडरावांनी हात वर केला.

"थांब. हे बोटानं काय चाललंय? खुणा शिकवल्यात का कोणी?"

"लिहून पाह्यते साहेब," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "तिले तसंच वाचता येते."

"असं कोणी वाचत नाही, बाई. पाठ करून घेतलेलं दिसतंय. बोटावर मोजून आठवतेय ती. असं असेल तर मला पेपर परत न्यावा लागेल."

प्रेमिलाचा चेहरा पांढरा पडला. तिला आता ओकारी येणार, हे मला कळलं. खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. मला वाटलं, आता तरी आईचं लक्ष इकडे येईल.

आई पदराला हात पुसत पुढे आली आणि मार्तंडरावांसमोर खाली बसली.

"घड्याळ थांबवा. मले द्या तो कागद. मी बी असंच वाचतो."

तिनं पेपर मांडीवर घेतला. उजवं बोट लुगड्यावर फिरायला लागलं. एक अक्षर, मग दुसरं. शब्द जुळायला इतका वेळ लागत होता की बाबांनी मान खाली घातली. आईच्या कपाळावर घाम आला. बाजार हादरवणारा तो आवाज मुंगीएवढा झाला होता. प्रेमिला वाचायची त्यापेक्षाही ती हळू वाचत होती, पण वाचलेल्या ओळीतला एकही शब्द तिनं चुकवला नाही.

"तुम्ही कितवी शिकलात?" मार्तंडरावांनी विचारलं.

"चौथीत होतो. मास्तरनं हाकलून देल्लं. गाढव म्हणे."

बाबा हळूच म्हणाले, "मले वाटे, तुले वाचाचा कंटाळा आहे."

"तसंच वाटू देल्लं मी," आई म्हणाली.

मार्तंडरावांनी पेपर प्रेमिलापुढे सरकवला आणि घड्याळ पुन्हा पुढ्यात ओढलं. वेळ त्यांनी एका मिनिटानंही वाढवून दिला नाही. शेवटचे प्रश्न प्रेमिलाचे राहूनच गेले. पण तोंडी गणितं तिनं अशी सोडवली की त्यांनी ते पन्हं उचलून एका दमात संपवलं. जेमतेम पास झाली. आईनं आळीत संत्रा बर्फी वाटली, यमुताईंकडे तर स्वतः नेऊन दिली. मी बर्फी खाल्ली नाही. कोणी आग्रहही केला नाही.

माझं जळणं तेव्हा बदललं. आधी मला वाटायचं, आई प्रेमिलाला जास्त वेळ देते, म्हणून मी जळते. वेळ परत मागता आला असता. पण त्या दोघी एका मातीच्या निघाल्या, आणि मी बाबांच्या मातीची. तिथं मला शिरायला जागाच नव्हती. वाचता येण्याचा मला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

पुढच्या श्रावणात आईनं आळीतल्या बायांना आमच्याकडे बोलावलं. जिवतीच्या कागदाला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "यंदा कहाणी मी वाचतो." यमुताईंनी नाक मुरडलं, पण बसल्या. आई वाचू लागली. बोट मांडीवर, शेजारी प्रेमिला. अर्धी कहाणी झाली आणि आई एका जोडाक्षरावर अडली. बाया चुळबुळायला लागल्या. यमुताईंच्या ओठांवर हसू येऊ लागलं. मी आईच्या समोर बसले होते. ते अक्षर मला उलट्या बाजूनंही स्पष्ट दिसत होतं. मी तोंड उघडलं.

आईनं मान वर न करता हात आडवा धरला.

"तू नको सांगू वं."

मग तिनं तोच हात प्रेमिलापुढे उघडा केला. प्रेमिलानं तिच्या तळव्यावर बोटानं सावकाश ते अक्षर काढलं. आईनं मूठ मिटली, हसली आणि पुढे वाचू लागली.