मैनेचं माप

रतनताई माणसं चेहऱ्याने लक्षात ठेवत नाहीत, मापाने ठेवतात. रस्त्यात कुणी "ओळखलंत का?" म्हणून थांबवलं, की त्या एक पाऊल मागे सरतात, खांद्यांकडे बघतात आणि म्हणतात, "साडेतेरा, डावा जरा उतरता. तुम्ही मागच्या दिवाळीत हिरवा टिश्यू शिवून नेलेला ना?" आणि त्या बाई त्याच निघतात.

बिबवेवाडीत त्यांचा ब्लाऊज शिवायचा गाळा आहे, तीस वर्षांचा. वाचायचं वेडही तेवढंच जुनं. जवळच्या बुद्धविहाराच्या वाचनालयातून आठवड्याला दोन कादंबऱ्या यायच्याच. गिऱ्हाईक नसलं की पुस्तक मशिनीवर उघडं, आणि पान उलटू नये म्हणून त्यावर कात्री. आता अशा बाईने कादंबरी वाचली तर काय होणार? नायिका पहिल्या प्रकरणात दारातून आत येते न येते, तोच रतनताईंच्या मनातली टेप तिच्या पाठीवरून फिरते. लेखक "सडपातळ बांधा" एवढं लिहून मोकळा होतो, पण तेवढ्यावर ब्लाऊज बेतता येतो का? म्हणून त्यांनी मापवहीच्या शेवटच्या पानांवर आपल्या लाडक्या नायिकांची मापं लिहून ठेवलेली. छाती, कंबर, खांदा, दंड, सगळं. त्यांच्या दुकानात हूक-काजाचं काम करणारी नंदा ती पानं मोठ्याने वाचायची आणि म्हणायची, "रतन, यातली एक तरी कधी शिलाई द्यायला आली का गं?"

त्या यादीत पहिलं नाव मैनेचं. ‘मैनेची खानावळ’ नावाच्या जुन्या कादंबरीतली मैना, घाटरस्त्यावर ट्रक ड्रायव्हरांना जेवू घालणारी. रतनताईंनी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या, काडीसारख्या. कामाला होत्या तो शिवणाचा कारखाना बंद पडलेला, स्वतःचा गाळा घेतलेला, आणि कुणी जोरात बोललं की ठरलेला दर त्या स्वतःच कमी करायच्या. तेव्हापासून कुणी दरावरून वाद घातला, कापड बदलल्याचा आळ घेतला, की त्या मनात म्हणायच्या, इथे मैना असती तर काय बोलली असती? आणि तेच बोलायच्या. मैनेचं माप : छाती चाळीस, खांदा पंधरा, दंड चौदा.

तर गेल्या सप्टेंबरात एका सोमवारी तनुजा नावाची मुलगी गाळ्यात आली. कानात दोन-दोन डूल, हातात पिशवी. "ताई, मी एका मूव्हीच्या कॉश्च्युम टीममध्ये आहे. जुन्या पद्धतीचं कटिंग येणारं कुणीतरी हवंय. सत्तरच्या काळातली स्टोरी आहे. मैनेची खानावळ."

रतनताईंच्या हातातली कात्री तशीच राहिली. मग त्यांनी तनुजाला बसवलं, चहा मागवला, वर क्रीमरोलही मागवला. नंदाने भुवया उंचावल्या. क्रीमरोल हा मान तिला तीस वर्षांत दोनदाच मिळाला होता.

तनुजाने पिशवीतून दोन खण काढले, जुन्या जांभळ्या रंगाचे, हल्ली सहज न मिळणारे. आणि मापांची चिठ्ठी. रतनताईंनी चष्मा लावून वाचली, काढून पुसला, परत लावून वाचली.

"छाती बत्तीस. दंड साडेनऊ." त्यांनी मान वर केली. "हे कुणाचं?"

"मैनेचं. म्हणजे संस्कृतीचं. ती करतेय मैना."

"साडेनऊ तर मैनेचं मनगट असेल, बाळा."

"ताई, हिरॉईन आहे ती."

"मग मैना कोण करतंय?"

तनुजाला हसावं की नाही कळेना. गुरुवारी सकाळी खडकवासल्याला सेटवर ट्रायल आहे, गाडी पाठवते, असं सांगून ती गेली.

दोन दिवस रतनताई कुणाशी धड बोलल्या नाहीत. लेक कल्याणी ऑफिसातून आल्यावर समजूत घालायला लागली, "मम्मी, कॅमेऱ्यात दहा किलो ॲड होतात."

"वरचे पंचवीस कुठून आणणार आहेत ते?"

"अगं, ॲक्टिंग असते ना!"

"ॲक्टिंगने दंड भरतो होय?"

काम मात्र सोडायचं नव्हतं. मैनेचा ब्लाऊज दुसऱ्या कुणी शिवायचा, ही कल्पनाच सहन होईना. बुधवारी दुपारी त्यांनी खण पसरले, चिठ्ठी समोर टाचणीने अडकवली, खडू घेतला आणि कामाला लागल्या. हात भरभर चालत होता. संध्याकाळी दोन्ही ब्लाऊज तयार.

गुरुवारी नऊला नंदा हूक लावायला आली. तिने ब्लाऊज उचलला, जरा लांब धरला आणि स्वतःच्या अंगाला लावून आरशात पाहिला. अगदी तिच्या मापाचा.

"रतन, हा माझ्यासाठी शिवलास का गं? वाढदिवस फेब्रुवारीत आहे माझा."

रतनताईंनी टेप लावली. चाळीस. दंड चौदा. चिठ्ठी समोर लटकत होती आणि त्यांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. तीस वर्षं मैनेचं नाव घेतलं की जे आकडे डोक्यात यायचे, तेच खडूने कापडावर उतरले होते. आजवर एकाही बाईचं कापड त्यांच्या हातून चुकलं नव्हतं. आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

दोन्ही ब्लाऊज, सुया, दोरे, उसवणी, कात्री, सगळं पिशवीत कोंबून त्या गाडीत बसल्या. वाटेत त्यांनी ठरवून टाकलं, चूक कबूल करायची, उसवायचं, बत्तीसचं करायचं. पण पुढे धरणाचं पाणी दिसायला लागलं तसा तो बेत डळमळायला लागला. ते उसवायचं म्हणजे मैनेलाच उसवायचं. एकदा बत्तीसचा ब्लाऊज पडद्यावर आला, की सगळ्या जगाची मैना साडेनऊची होणार, आणि आपली कुठे जाणार?

खानावळीचा सेट झकास उभारला होता. चूल, बाकडी, बुटकं दार. संस्कृती, ती नटी, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. रतनताई काही सांगायच्या आत तनुजाने ब्लाऊज तिच्या हाती दिला. हुकांच्या जागी टाचण्या लावून ती बाहेर आली तेव्हा तो तिच्या अंगावर दांडीवर वाळत घातल्यासारखा दिसत होता. मेकअपवाला फिस्सकन हसला. तनुजाचा चेहरा खणाच्या रंगाचा झाला.

"ताई, हे काय? मी मेजरमेंट्स दिली होती!"

"चूक माझी आहे," रतनताई म्हणाल्या. "आत्ता दुरुस्त करते." आणि मग राहवेना म्हणून, "पण माप खोटं नाही. मैनेचं तेच आहे."

संस्कृती बाह्या सावरत बाकड्यावर बसली. "कशावरून, काकू?"

"कशावरून म्हणजे? पन्नास ड्रायव्हरांच्या भाकऱ्या दोन वेळेला थापते. दोन हंडे एका खेपेला आणते. त्या भांडखोर क्लीनरला दंडाला धरून बाहेर काढते. आणि मैना दारातून आत आली की खोलीतला उजेड कमी व्हायचा, असं चक्क लिहिलंय."

"त्याच्या आधीच्या पानावर काय लिहिलंय?"

रतनताईंनी आठवून पाहिलं.

"दार एवढं बुटकं आणि अरुंद की मांजरानंही अंग चोरून जावं," संस्कृती म्हणाली. उठली, सेटच्या दारात जाऊन उभी राहिली. आतली चूल काळोखात गेली. "बघा. बत्तीसवाली उभी राहिली तरी अंधारच."

मेकअपवाला आता उघड हसला. रतनताई मात्र दाराची चौकट नजरेने मोजत राहिल्या.

"आणि काकू, सगळे जेवून उठले की मैनेच्या ताटात काय असतं?"

"खरवड," रतनताई पटकन म्हणाल्या. "पिठल्याची खरवड आणि अर्धी भाकरी."

"त्या अर्ध्यातला चतकोर?"

"कुत्र्याला."

"मग दंड चौदाचा कुठून होणार, काकू?"

ते पान रतनताईंनी वीसेक वेळा तरी वाचलं असेल, दर वेळी डोळे पुसत. चतकोर भाकरीवर जगणारी बाई थोराड कशी असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं. येणार कसं? त्या चोवीस वर्षांच्या काडीला पाठीशी उभं राहायला कुणीतरी रुंद खांद्याचं हवं होतं. लेखकाने खांदे दिले नव्हते, ते तिने स्वतः बेतले होते.

"तुम्ही वाचलंय पुस्तक?" त्यांनी विचारलं.

"सात वेळा. माझी आत्या खानावळ चालवते सोलापूर रोडला. ही अशी." संस्कृतीने करंगळी दाखवली. "तिच्यासमोर ट्रकवाले चपला हातात घेऊन उभे राहतात. मला मैना तिच्यासारखीच दिसते. काकू, तुमची मैना बघून मला हेवा वाटला, पण मला ती जमायची नाही."

रतनताईंनी पिशवीतून टेप काढली. चिठ्ठीवर आता त्यांचा भरवसा नव्हता. "हात वर करा." छाती बत्तीस, बरोबर. डावा दंड साडेनऊ. उजवा मोजला आणि त्या थांबल्या. पुन्हा मोजला.

"उजवा दहा भरतोय."

"दोन महिने रोज चाळीस भाकऱ्या थापतेय मी. पहिल्या पंधरा दिवसांतल्या भिंतीवर फेकल्या असत्या तर तिथेच चिकटून बसल्या असत्या."

"अर्धा इंच कमावलास की गं पोरी!" रतनताईंच्या तोंडून एकदम निघालं, आणि अहो-जाहो तिथेच संपलं.

मग दुपारपर्यंत सेटच्या पडवीत त्यांची मांडी आणि सुई. खांदा आणि गळा नव्याने कापावेच लागले. पण शिवता शिवता दोघींचं भांडण चालूच. क्लीनरला मैना दंडाला धरून काढते की कानाला? शेवटच्या प्रकरणात ती रडते की नुसतं नाक पुसते? एक-दोन ठिकाणी रतनताई हरल्या, चार ठिकाणी जिंकल्या, आणि नाक पुसण्यावर दिग्दर्शकालाही बोलावून घ्यावं लागलं.

तनुजा कात्री घेऊन आली. "ताई, कुशीच्या शिवणीत आत एवढं कापड दुमडलंय, ते ट्रिम करून टाकू का? फुगीर दिसेल."

"हात लावू नकोस त्याला. शूटिंग किती दिवस?"

"दीड महिना."

"मग? पोरगी रोज चाळीस थापते. त्यातल्या चार जरी पोटात गेल्या तरी दसऱ्याला उसवून सैल करायला लागेल."

"काकू, माझी डाएटिशियन इथेच उभी आहे!" संस्कृती आरशापुढून ओरडली.

रतनताईंनी दाताने दोरा तोडला आणि वर पाहिलं. "कुठे? पाठव इकडे. ती खांद्याला किती आहे तेही बघते."