रोशनीची सुई आणि माझं भाषण

दहा महिन्यांची रोशनी माझ्या भाषणामुळे गेली.

आज वर्ष झालं.

सोनगीरच्या अलीकडचं गाव. नाव लिहीत नाही. लसीकरणाचा दिवस आणि मी प्रमुख पाहुणा. विषय, गरिबांच्या पोरांपर्यंत लस.

नऊची वेळ दिलेली. मी धुळ्याहून दहाला पोचलो.

मी येताच फोटोसाठी नर्सताईंना गोवराच्या लसीची बाटली फोडायला लावली. एक पोरगी माझ्या कडेवर दिली. ती रोशनी. तिने माझा चष्मा ओढला. सगळे हसले. फोटो झकास आला.

मग शाल. नारळ. स्वागत. प्रास्ताविक.

मग मी.

मी बोलायला लागलो तशा नर्सताई सुई घेऊन उठल्या. सरपंच म्हणाले, "ताई, आता नको. पोरं रडतील, भाऊंचं भाषण चाललंय."

मी माईकवरूनच हात दाखवला. "पाचच मिनिटं, ताई."

माझी पाच मिनिटं तुम्हाला माहीत आहेत.

रस्त्यावर कापूस वेचायला नेणाऱ्या टेम्पोचा हॉर्न वाजत होता. रोशनीची आई, सुनंदा, उभी राहिली.

"भाऊ, मनी पोरले पह्यले टोची द्या. मंग बोला दिनभर. गाडी थांबनार नही."

मागून एक म्हातारी अक्का ओरडली, "बस वं! भाऊनं भाषन आयकीसन गोवरच पयी जाई!"

भाषण ऐकून गोवर पळून जाईल म्हणे! मांडव हसला. मीही हसलो. आणि पुन्हा सुरू झालो, मातांच्या जागृतीवर.

सुनंदा पोरीला घेऊन निघाली. जाताना नर्सताईंना म्हणाली, "सांजले येस."

ती आली. पाचला, रोशनी कडेवर, ओढणीला कापसाचे धागे.

फोडलेली बाटली चार तासांत वापरावी लागते. नंतर फेकायची. दुसरी आणलेलीच नव्हती.

"थोडं बी नही का, ताई?"

"नाही गं. पुढच्या महिन्यात ये."

पुढच्या महिन्याआधी सुनंदाच्या वस्तीत गोवर आला. पुरळ, ताप, मग छातीत कफ. धुळ्याला नेईपर्यंत उशीर झाला होता.

मी नंतर त्या दिवसाचा अहवाल पाहिला. रोशनीच्या नावापुढे लिहिलं होतं, "लाभार्थी अनुपस्थित."

अनुपस्थित!

एका दिवसात दोनदा आलेली बाई अनुपस्थित. एक तास उशिरा आलेला मी प्रमुख पाहुणा.

आपण सभांमध्ये सांगतो, हे लोक अडाणी, लसीला घाबरतात. मीही सांगायचो. टाळ्या पडायच्या.

सुनंदाला सुई हवी होती. आम्हाला शांतता हवी होती.

तिला भेटायला गेलो होतो. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, तो फोटो द्या ना. मनाकडे तिना एक बी नही."

माझ्या प्रोफाईलवर तो अजून होता. तुम्हीच त्याखाली कमेंटमध्ये हात जोडले होते.

यंदाही त्याच गावाचं आमंत्रण आलं. मी म्हटलं, सकाळी सातला सुरू करा, टेम्पो यायच्या आधी. मांडव नको, माईक नको.

फोनच्या पलीकडून विचारलं, "मग भाऊ, तुमचा सत्कार केव्हा करायचा?"

म्हणून हे लिहितोय. खाली कुणी श्रद्धांजली वाहू नका. आपल्या गावात सुई किती वाजता टोचतात, तेवढं विचारून या.

रोशनी, त्या दिवशी तू रडायला हवं होतंस, पोरी. माझ्या भाषणाच्या ऐन मध्यात.

तुम्ही जा, विचारा. मी आता गप्प बसतो.