सायप्रसच्या आजींची द्राक्षं

वडील गेल्यानंतर मी आईला सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, क्युपर्टिनोला आणलं, आणि पंधराव्या दिवशी तिने परतीच्या तिकिटाची चौकशी सुरू केली. आम्ही नवरा-बायको दिवसभर ऑफिसात. घरात बोलायला कोणी नाही, टीव्हीवरचं कळत नाही. "घराला कुलूप लावायच्या ऐवजी मला ठेवलंयस," ती म्हणाली. खोटं नव्हतं, म्हणून जास्तच झोंबलं.

सप्टेंबरात शेजारच्या आजींनी परसात चादरी पसरून द्राक्षं वाळत घातली. आजी सायप्रसच्या, डोंगराळ गावातल्या, एकट्याच राहायच्या. आईने कुंपणावरून पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "बेदाणे करतायत!" तासगावजवळ माहेर असलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? चपला घालून ती थेट तिकडे गेली. आजींना ग्रीक, आईला मराठी, दोघींत मिळून इंग्रजीचे वीसेक शब्द. तरी दहा दिवस दोघी खुर्च्या टाकून बसल्या, द्राक्षं उलटीपालटी केली, पाखरं हाकलली. संध्याकाळी आई मला आजींच्या सुनेचे दोष सांगायची. ते तिला कुठल्या भाषेत कळले, देव जाणे.

मला मात्र ठाऊक होतं, त्यांचे बेदाणे होणार नाहीत. आजींच्या गावाकडे अशी सुकवलेली द्राक्षं चुरडून गोड वाइन करतात, कमांदारिया. आजींचा नवरा होता तोवर इथेही दोघं मिळून दर वर्षी करायची. मी आईला हे सांगितलं नाही. माझे वडील दारूपायी गेले. आमच्या घरी खोकल्याचं औषधसुद्धा आई आधी हुंगून बघायची. तिला कळलं असतं तर ती मैत्री तिथेच संपली असती आणि ती विमानात बसली असती. आणि मला ती हवी होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मी गप्प राहिले.

अकराव्या दिवशी, शनिवारी, आजींनी मोठं लाकडी घमेलं काढून द्राक्षं त्यात ओतली आणि गावाहून आलेली एक जुनी बाटली उघडून आईपुढे धरली. आईने वास घेतला आणि तडक घरी आली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मला राखणीला बसवलंस?"

"आई, तू खुश होतीस गं. मी कसं सांगणार?"

"तिकीट चेंज कर," म्हणून ती खोलीत गेली. मला रडूच आलं. चूक माझीच होती, त्यामुळे कोणावर चिडायचीही सोय नव्हती.

तासाभराने चहा घेऊन गेले तर खोली रिकामी. मी कुंपणाशी धावले.

आजी स्टुलावर बसल्या होत्या, पाय गुडघ्यापर्यंत धुऊन तयार. घमेल्यापाशी आई, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत चिकट.

"पायांनी तुडवणार होत्या," ती मला म्हणाली. "अन्नाला पाय लावतात का? म्हटलं, व्हा बाजूला."

"आई, याची वाइन होणार आहे."

"कळलंय मला. थेंब घेणार नाही मी, आणि तुम्हालाही घेऊ देणार नाही. पण तिचा नवरा गेलाय गं. एकटीनं करायचं काम आहे का हे? उभी काय राहिलीस, बाह्या सरसाव."