सर्व्हरचा नंबर प्रिंटरला

माझी आत्या अकरा वर्षं एकाच ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते आणि अगदी आता-आतापर्यंत हंगामीच होती. रागावली की ती आवाज चढवत नाही, उलट लाडात बोलते. घरी तिने "अरे, बस ना जरा" म्हटलं की आम्ही चपला शोधायला लागतो.

तिच्या साहेबांना सगळे 'टाय' म्हणतात, कारण बोलताना ते आपला टाय मांजरासारखा कुरवाळतात. वाक्याची सुरुवात ठरलेली: "कसंय ना..."

त्या सोमवारी आत्या रजेवर होती. टायसाहेबांना केबिनमध्ये नवा प्रिंटर हवा होता, सगळ्या ऑफिसला जोडलेला. "कसंय ना, वायर खुपसायला काय डोकं लागतं?" म्हणत त्यांनी संध्याकाळी स्वतःच बसवला. प्रिंटर ढिम्म. मंगळवारी सकाळी तर एकाही कॉम्प्युटरवर कोणाला आत शिरता येईना. पासवर्ड टाकला की पडद्यावर एकच रड: सर्व्हर सापडत नाही.

आत्या पोचेपर्यंत साहेबांनी मोबाईलवरून मुख्य ऑफिसला कळवलंसुद्धा: 'कॉम्प्युटरच्या बाईंच्या हलगर्जीपणामुळे काम बंद.' आत्याला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे त्याच आठवड्यात ठरणार होतं. शिपायाने दारातच ही बातमी तिच्या कानावर घातली.

"असं का?" म्हणून तिने पर्स टेबलावर ठेवली.

दुखणं दोन मिनिटांत सापडलं. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला स्वतःचा नंबर असतो, आणि इथे सर्व्हरच्या नंबरवर प्रिंटरच 'ओ' देत होता. लोकांचे पासवर्ड तपासून घ्यायला निघायचे सर्व्हरकडे आणि धडकायचे प्रिंटरवर. तो बिचारा त्यांचं काय लोणचं घालणार? प्रिंटरची वायर उपटली की काम फत्ते.

आत्याने ती उपटली नाही.

"साहेब, या ना! तुमच्याशिवाय पान हलत नाही इथलं."

"झालं चालू?"

"होतंय हो. प्रिंटर तुम्हीच बसवलात म्हणे?"

"कसंय ना, मी फक्त साहाय्य केलं."

"कोणाला?"

हिशेबनीस काकांना ठसका लागला. आत्याने प्रिंटरचं बटण दाबून धरलं, तशी त्याने स्वतःची माहिती छापलेला एक कागद बाहेर काढला. एव्हाना केबिनच्या दारात अख्खं ऑफिस गोळा झालं होतं.

"नंबर वाचता? माझा चष्मा राहिला घरी." चष्मा तिच्या नाकावर होता.

साहेबांनी वाचला. मग आत्याने त्यांना सर्व्हरवर चिकटवलेली चिठ्ठी वाचायला लावली. तोच नंबर, आणि खाली आत्याच्या अक्षरात: 'हा दुसऱ्या कशालाही देऊ नये.'

"तोच कसा काय आला, साहेब?"

टाय पिळवटून निघाला. "कसंय ना... त्या नंबरवर सर्व्हर इतकी वर्षं चालतोय. म्हटलं, चालता नंबर आहे, प्रिंटरही चालेल."

कपाटामागून कोणीतरी फिसकन हसलं.

"किती छान सांगितलंत! हेच मुख्य ऑफिसला लिहा. हातानेच लिहा, कॉम्प्युटर बंद आहेत ना."

"आधी चालू करा, मग लिहितो."

"नको हो, मी पडले हलगर्जी. घाईत आणखी बिघडवलं तर?"

मुख्य ऑफिसचा फोन तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा कुठे साहेबांनी पेन उघडलं. पहिल्या कागदात 'तांत्रिक अडचण' निघाली, तो फाटला. दुसऱ्यात 'कर्मचाऱ्यांकडून' निघालं, तोही फाटला. तिसऱ्यात 'चुकून' होतं.

"'चुकून' असू दे," आत्या म्हणाली, "फक्त त्याच्याआधी 'मी स्वतः' घाला. आणि माझ्यावरचा ठपका मागे घेतो, हेही."

त्या कागदाचा फोटो साहेबांनी आपल्याच मोबाईलवरून पाठवला. तो पोचल्याचं पाहून आत्याने दोन बोटांनी वायर काढली. सगळीकडे पटापट पासवर्ड लागले.

"एवढंच होतं?" साहेब ओरडले. "मग अडीच तास काय करत होतात?"

"तुम्ही लिहीत होतात ना."

शुक्रवारी आत्या कायम झाली. साहेबांचा प्रिंटर परत खोक्यात गेला, तो अजून तिथेच आहे. कधी लावणार, ते विचारतात, ती म्हणते, "बघते हं." तोवर साहेब आपले कागद आणायला हॉलच्या पार टोकाला, जुन्या प्रिंटरपाशी जातात. वाटेत आत्याची खुर्ची येते, आणि जायला जागा द्यावी म्हणून ती खुर्ची तसूभरही पुढे ओढत नाही.