दोन्ही टोकं आवळणारे काका

शेजारच्या प्लंबरकाकांनी निवृत्तीनंतर गॅरेजात दोन सीटचं विमान बांधायला घेतलं. सहा वर्षांत पंख लागले, इंजिन फिरलं आणि घोडं अडलं ते हेडफोनपाशी. इंजिन सुरू झालं की कानात गांधीलमाशी शिरल्यासारखी गुणगुण व्हायची. उद्या तपासनीस येणार होता, आणि रेडिओ स्वच्छ ऐकू आल्याशिवाय तो उडायची परवानगी देणार नव्हता.

काकांनी अकराव्यांदा पॅनेल उघडलं. माइकच्या तारेवरची, बाहेरची खरखर अडवणारी धातूची जाळी त्यांनी दोन्ही टोकांना विमानाच्या पत्र्याला पुन्हा घट्ट सोल्डर केली. इंजिन लावताच गांधीलमाशी जास्तच चवताळली.

"मेलं हे विमान!" काकांनी पक्कड आपटली.

रेडिओ दुरुस्तीत जन्म काढलेली त्यांची थोरली बहीण आत डोकावली. "अरे, हा काय नळ आहे, दोन्हीकडून आवळायला? पत्र्यातला करंट जाळीतून फिरतोय. एक टोक सोड."

"सुटं ठेवू? चाळीस वर्षांत मी काही सुटं ठेवलं नाही, ताई!"

"म्हणूनच गुणगुणतंय. काप!"

काकांनी तोंड वाकडं करून टोक कापलं, त्यावर टेप गुंडाळली. पुन्हा इंजिन लावलं. गांधीलमाशी गेली. तरी त्यांचा हात सोल्डरिंग आयर्नकडे वळलाच. ताईने ते गार करून पर्समध्ये टाकलं.

"तपासनीस गेला की देईन."