वडशाच्या वकीलबाई

वकीलबाईंना हळू बोलताच येत नसे. अशिलाला आतल्या खोलीत एखादी गुपित गोष्ट सांगायला लागल्या की रस्त्यापलीकडचा झेरॉक्सवाला मान डोलवायचा.

वडशाच्या त्यांच्या ऑफिसात मी डिजिटल सल्लागार म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, “भाऊ, जाहिरात कराची नाई. वकिलाले चालत नाई ते. लोकाइले कायदा सांगाचा, बस.”

पहिल्या व्हिडिओसाठी मी शुद्ध भाषेत मजकूर लिहून दिला. तो वाचताना बाईंचा चेहरा पार लाकडी झाला. दोनतीनदा अडखळल्यावर कागद बाजूला सारून म्हणाल्या, “लिवलेलं वाचलं का माह्या तोंडाले कुलूप लागते.” मग कॅमेऱ्याकडे पाहत, समोर कुणी बसलंय अशा थाटात सुरू झाल्या, “बाई, बापाच्या वावरात तुहाही हिस्सा हाय. हक्क सोडाचा कागद पुढं आला तं आधी समजून घे. मंग सही कर का नोको करू, तुही मर्जी.”

ज्युनिअर वकील कुरकुरले, “मॅडम, ऑफिसची इज्जत...”

“आयकनाऱ्याले समजलं नाई, तं कोनाची इज्जत राह्यली?”

व्हिडिओ गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांत फिरला. एका दुपारी कुरखेड्याकडचा एक शेतकरी मोबाइल नाचवत आत शिरला. मागोमाग त्याची बहीण. “बाई, हे सही न करताच उठून आली! तुमीच शिकवलं!”

बाईंनी दोघांना बसवलं, चहा मागवला. “भाऊ, तिले काय पायजे, इचारलं का तुमी?”

त्यानं विचारलं नव्हतं. बहीण खाली मानेनंच बोलली, “मले वावर इकाचं नाई. नाव राहू दे फक्त. धान कापाले येईन तं पाहुनी म्हनून नाई, घरची म्हनून येईन.”

भावानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, “कापाले खरंच येशील?”

“तुह्या आधी बांधावर राहीन.”

तो हसला, मग बहीण, मग सगळं ऑफिस. सातबाऱ्यावर दोघांची नावं राहिली.

आता मी नागपुरात दुसऱ्या वकिलांसाठी हेच काम करतो. मजकूर लिहून झाला की आधी आईला फोनवर वाचून दाखवतो. ती “म्हंजे काय रे?” म्हणाली, की ते वाक्य खोडतो.